मुखपृष्ठावर एक नाव, लिहिणारी माणसं तीन



संध्याकाळी गावातल्या कुठल्याही गल्लीतून चाललं, तर चार घरांतून एकाच मालिकेचं गाणं कानावर येतं. कुणाची भाकरी तव्यावर असते, कुणाकडे नेमकी वीज जाते, आणि भाग चुकतो. मग दुसऱ्या दिवशी नळावर, नाहीतर खुरपणीच्या वेळी विचारणं होतं, "काल काय झालं गं?" जिने पाहिलेलं असतं ती सांगते. सांगताना ती नुसतं 'हा असं बोलला, ती तसं बोलली' एवढ्यावर थांबत नाही. सासू दारात कशी उभी होती, सुनेच्या पोटात कसा गोळा आला असेल, हेही स्वतःच्या पदरचं घालते. त्यामुळे ऐकणारीला भाग पाहिल्यासारखाच वाटतो.

पडद्यावरची गोष्ट अशी शब्दांत उतरवणं हे कामच आहे. साठ वर्षांपूर्वी अमेरिकेत हे काम कागदावर होत होतं आणि त्याची पुस्तकं लाखो लोक विकत घेत होते. त्यातल्या एका मालिकेची आणि तिच्या पुस्तकांची हकिगत आज आम्ही तुम्हाला सांगणार आहोत. या मालिकेमागे आणि पुस्तकांमागे बऱ्याच बायका होत्या. मुखपृष्ठावर मात्र त्यांतल्या काहींची नावं फार उशिरा आली आणि एकीचं तर आलंच नाही. म्हणून ही हकिगत आपल्या कामाची आहे.

मालिकेचं नाव 'स्टार ट्रेक'. ८ सप्टेंबर १९६६ या दिवशी ती अमेरिकेच्या टीव्हीवर सुरू झाली. गोष्ट पुढच्या काळातली, म्हणजे काही शतकांनंतरची. एक मोठं अंतराळयान आहे, त्यावर चारशेच्या वर माणसं आहेत, कर्क नावाचा कप्तान आहे. स्पॉक नावाचा त्याचा सोबती आहे, ज्याची आई पृथ्वीवरची आणि बाप दुसऱ्या ग्रहावरचा. दर आठवड्याला हे यान नव्या ठिकाणी जातं आणि नवं संकट समोर येतं. यानावर उहुरा नावाची काळ्या वर्णाची अधिकारी बाई होती. त्या काळात अमेरिकेत काळ्या बायकांना टीव्हीवर बहुतेक मोलकरणीच्याच भूमिका मिळत, त्यामुळे ही गोष्ट लोकांच्या डोळ्यांत भरली.

ही मालिका ज्या स्टुडिओत तयार झाली, त्याची मालकीण लुसिल बॉल होती. ती विनोदी नटी म्हणून घराघरात माहीत होती. नवऱ्याबरोबर तिने देसिलू नावाची कंपनी काढली होती. पुढे काडीमोड झाला आणि १९६२ साली तिने नवऱ्याचा हिस्सा विकत घेऊन कारभार स्वतःकडे घेतला. टीव्हीचा एवढा मोठा स्टुडिओ चालवणारी ती अमेरिकेतली पहिली बाई. 'स्टार ट्रेक' खर्चिक मालिका होती. नमुन्यादाखल केलेला पहिला भाग वाहिनीने नाकारला, दुसरा करावा लागला. तरी तिच्या स्टुडिओने काम सोडलं नाही.

दुसरी बाई डोरोथी फोंटाना. मालिकेचे कर्ते जीन रॉडनबेरी यांच्याकडे ती सेक्रेटरी होती, म्हणजे पत्रं टंकायची, फोन घ्यायचे, कागद जागेवर ठेवायचे. लिहिण्याची तिला आधीपासूनच हौस होती. २१व्या वर्षी तिची पहिली गोष्ट टीव्हीसाठी विकली गेली होती. पण बाईचं नाव पाहिलं की लोक पटकथा वाचण्याआधीच मत करून मोकळे होतात, हे तिने अनुभवलं होतं. म्हणून तिने स्वतःचं नाव 'डी. सी. फोंटाना' असं लिहायला सुरुवात केली. नुसती आद्याक्षरं. लिहिणारा बाप्या आहे की बाई, ते कागदावरून कळायचं नाही. पुढे ती याच मालिकेची कथा-संपादक झाली. बाकीच्या लेखकांच्या पटकथा तिच्या हाताखालून जायच्या.

आता पुस्तकांकडे येऊ. त्या काळात घरी टीव्हीवरचं काही साठवून ठेवायची सोय नव्हती. टेप करून ठेवायचं यंत्र साध्या घरांत पोचायला आणखी दहा वर्षं जायची होती. भाग एकदा दाखवला की गेला. वाहिनी पुन्हा कधी दाखवेल तेव्हाच बघायचा. ज्याला तो परत अनुभवायचा आहे, त्याने काय करावं? हे ओळखून बँटम नावाच्या प्रकाशकाने जानेवारी १९६७ मध्ये पहिलं पुस्तक काढलं. मालिका सुरू होऊन तेव्हा चार महिनेच झाले होते. मऊ पुठ्ठ्याचं, खिशात मावेल असं पुस्तक. सव्वाशे-दीडशे पानांत मालिकेतले सात भाग गोष्टीच्या रूपात दिलेले. म्हणजे एका भागाला साधारण वीस पानं. लेखक होते जेम्स ब्लिश. विज्ञानकथा लिहिणारे नावाजलेले लेखक, ज्यांच्या कादंबरीला १९५९ साली ह्यूगो पुरस्कार मिळाला होता.

हे काम कसं होतं ते नीट समजून घेऊ, कारण बघायला सोपं वाटतं. लेखकाच्या हातात पडते ती पटकथा. पटकथेत काय असतं? जागा कोणती, दिवस की रात्र, कोण आत आलं, कोण काय बोललं. बाकीचं सगळं नट-नट्या, कपडे, उजेड, संगीत यांच्यावर सोडलेलं असतं. एखादी बाई गप्प बसून आहे, एवढंच तिथे लिहिलेलं असेल. तिच्या चेहऱ्यावर दुःख आहे की राग, ते नटीने दाखवायचं. पुस्तकात नटी नाही. तिथे लेखकालाच सांगावं लागतं की ती गप्प का बसली, तिच्या मनात काय आलं, खोलीत थंडी होती की उकाडा. शिवाय पडद्यावरच्या पन्नास मिनिटांतलं काय ठेवायचं आणि काय गाळायचं, हेही त्यानेच ठरवायचं.

एक उदाहरण देतो. मालिकेच्या सुरुवातीच्या भागांत चार्ली नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाची गोष्ट आहे. मूळ कल्पना रॉडनबेरी यांची आणि पटकथा डोरोथी फोंटानाची. लहानपणी यान कोसळून सगळी माणसं मेली आणि हे एकच पोर एका ओसाड ग्रहावर वाचलं. तिथल्या माणूस नसलेल्या जिवांनी त्याला जगवलं. जगता यावं म्हणून त्याला एक शक्ती दिली. नुसतं मनात आणलं की समोरची वस्तू, समोरचा माणूस नाहीसा होतो. आता तो माणसांत आला आहे, पण माणसांत कसं वागायचं ते त्याला कुणी शिवलेलं-शिकवलेलं नाही. यानावरची एक तरुणी त्याला आवडते. ती नाही म्हणते, आणि त्याला 'नाही' सहन होत नाही. शेवटी ज्यांनी त्याला वाढवलं तेच त्याला परत न्यायला येतात आणि तो 'मला इथेच राहू द्या' म्हणून रडतो. पडद्यावर त्या पोराचं तोंड पाहून आपल्याला भीतीही वाटते आणि कीवही येते. पुस्तकात भीती आणि कीव ही दोन्ही शब्दांनी जमवायची. ब्लिश यांच्या पहिल्या पुस्तकात ही गोष्ट आहे, पण तिचं नाव टीव्हीवरच्या नावाहून वेगळं आहे. कारण पुस्तक पटकथेवरून लिहिलं जाई आणि बऱ्याच वेळा हातात यायचा तो पटकथेचा आधीचा खर्डा. चित्रीकरण होईपर्यंत त्यात बदल झालेले असत. म्हणून टीव्हीवर एक शेवट आणि पुस्तकात जरा निराळा, असं वाचकांना जागोजाग सापडायचं.

मालिकेला बघणारे मात्र वाहिनीच्या हिशेबाने कमी होते. दुसऱ्या वर्षानंतर ती बंद पडणार अशी बोलवा उठली. तेव्हा बीजो ट्रिम्बल नावाच्या एका बाईने आणि तिच्या नवऱ्याने गावोगावच्या चाहत्यांना पत्रं लिहायला लावलं. पत्र कसं लिहायचं, कुणाला पाठवायचं, हेही त्यांनी लोकांना कळवलं. वाहिनीच्या कचेरीत पत्रांचे ढीग लागले आणि १९६८ साली मालिका पुढे चालू राहणार असं जाहीर झालं. तरी तिसऱ्या वर्षानंतर, १९६९ साली ती थांबलीच. एकूण ७९ भाग झाले.

मालिका थांबली, पण छोट्या छोट्या वाहिन्यांवर जुने भाग पुन्हा लागू लागले आणि बघणारे वाढत गेले. पुस्तकांची मागणीही वाढली. दुसरं पुस्तक १९६८ मध्ये आलं, तिसरं १९६९ मध्ये. १९७० साली ब्लिश यांनी त्याच पात्रांना घेऊन एक नवी कादंबरीही लिहिली. मग वेग एकदम वाढला. चौथं पुस्तक जुलै १९७१ मध्ये आलं. एकट्या १९७२ सालात पाचवं, सहावं, सातवं आणि आठवं अशी चार पुस्तकं निघाली. एका वर्षात चार! नववं १९७३ मध्ये, दहावं १९७४ मध्ये, अकरावं १९७५ मध्ये. सगळ्यांच्या मुखपृष्ठावर एकच नाव, जेम्स ब्लिश.

या काळात ब्लिश यांच्या घरी काय चाललं होतं? ते बायकोसह इंग्लंडला राहायला गेले होते आणि कर्करोगाने त्यांची तब्येत ढासळत चालली होती. या पुस्तकांच्या पैशावर घराची बरीच भिस्त होती. प्रकाशकाला ठरल्या वेळी पुस्तक हवं होतं. आजारी माणसाच्या हातून एवढं काम कसं उरकणार? ते उरकलं दोन बायकांनी. एक त्यांची बायको जुडिथ लॉरेन्स आणि दुसरी जुडिथची आई म्युरिएल लॉरेन्स. जुडिथबाई मूळच्या चित्रकार. या मायलेकींनी पटकथा घेतल्या आणि कथा लिहायला बसल्या. मधल्या आणि शेवटच्या पुस्तकांतल्या कितीतरी कथा या दोघींच्या हातच्या आहेत. वाचणाऱ्यांना याचा पत्ता नव्हता.

ब्लिश ३० जुलै १९७५ रोजी वारले. बारावं पुस्तक अर्धवट राहिलं होतं. ते जुडिथबाईंनी पूर्ण केलं. नोव्हेंबर १९७७ मध्ये ते आलं, तेव्हा मुखपृष्ठावर नवऱ्याच्या नावाबरोबर त्यांचं नाव पहिल्यांदा छापलं गेलं. पहिलं पुस्तक आलं त्याला तेव्हा जवळजवळ अकरा वर्षं होत आली होती. पुढच्या वर्षी, १९७८ मध्ये, उरलेल्या दोन भागांच्या कथा आणि स्वतः रचलेली एक नवी गोष्ट मिळून त्यांचं एक पुस्तक निघालं. त्यावर एकट्या त्यांचं नाव होतं, तेही 'जे. ए. लॉरेन्स' असं. पुन्हा आद्याक्षरं. जुडिथच्या आईचं, म्युरिएलबाईंचं नाव कुठल्याच मुखपृष्ठावर आलं नाही.

आता इथे जरा थांबून विचार करू. आमच्यात या गोष्टीवर बोलणं झालं तेव्हा दोन मतं पडली. एक मत असं, की यात अन्याय कसला? नवरा अंथरुणाला खिळलेला. करार त्याच्या नावाचा. वाचक त्याचं नाव पाहून पुस्तक घेत होते. बायकोने आणि सासूने हात लावला आणि घर चालवलं. घरच्या कामाला नाव कशाला? हे मत आम्ही उडवून लावणार नाही. आपल्यातल्या कितीजणींनी नवऱ्याच्या आजारपणात दुकान सांभाळलं आहे, दूध घातलं आहे, ऊस तोडणीला दिला आहे. तेव्हा पाटी बदलायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. वेळच तशी होती.

दुसरं मत असं, की पैसा त्या वेळी घरात आला हे खरं, पण नावाबरोबर आणखी बरंच काही येतं. प्रकाशक पुढचं काम देतो ते ज्याचं नाव आधीच्या पुस्तकावर आहे त्याला. वाचक पत्र लिहितात ते त्याला. पुढे कुणी या पुस्तकांचा इतिहास लिहायला बसलं, की त्याच्याच नावापाशी येऊन थांबतं. वर्षाला चार पुस्तकं निघत होती तेव्हा त्यामागे तीन माणसं होती, हे वाचकाला कळलं नाही. त्यामुळे एकटा माणूस एवढं काम करू शकतो असा सगळ्यांचा समज झाला. नाव गाळलं की कामाचा हिशेबच चुकतो, हे आम्हाला या मतातलं जास्त पटलं. करार कुणाच्याही नावावर असो, आतल्या पानावर दोन ओळी छापता आल्या असत्या.

नाव असलं तर काय होतं, त्याचंही उदाहरण याच मालिकेत आहे. पुढे 'स्टार ट्रेक'चे सिनेमे निघाले आणि त्यांच्याही कादंबऱ्या झाल्या. १९८२, १९८४ आणि १९८६ सालच्या तीन सिनेमांच्या कादंबऱ्या व्होंडा मॅकइन्टायर या लेखिकेने लिहिल्या आणि मुखपृष्ठावर तिचंच नाव होतं. तिने त्याआधी, १९८१ साली, याच पात्रांवर स्वतंत्र कादंबरी लिहिली होती. यानावर सुलू नावाचा अधिकारी आहे. मालिकेत त्याचं नुसतं आडनाव होतं. मॅकइन्टायरने कादंबरीत त्याला पहिलं नाव दिलं, हिकारू. दहा वर्षांनी, १९९१ सालच्या सिनेमात, हेच नाव पडद्यावर उच्चारलं गेलं. पुस्तकातला शब्द पडद्यावर गेला आणि तो कुणी दिला हे आजही सांगता येतं, कारण पुस्तकावर लेखिकेचं नाव आहे.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या यानाच्या गोष्टीचं आम्हाला काय? पण बघा, तुमच्या हातातलं हे मासिकही त्याच प्रकारचं काम करतं. रेडिओवर बोललेलं वाऱ्यावर जातं, म्हणून ते ऐकून कागदावर उतरवायचं. बोलताना एकीने नुसता हुंकार भरला असेल, तर लिहिणारीला तिथे काय लिहायचं ते ठरवावं लागतं. बोलणारी एक, ऐकून उतरवणारी दुसरी, टाइप करणारी तिसरी. तिघींचं काम मिळून पान होतं.

आपल्या मुलखात हे काम नावासकट कसं करतात, याचाही नमुना आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी महाराष्ट्रातल्या हजारावर गावांत फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. जातं घरोघरी थांबत चाललं होतं, आणि त्याबरोबर ओव्याही. त्या लिहून घेताना ओवी कुणी गायली आणि ती बाई कुठल्या गावची, हे त्यांनी नोंदवून ठेवलं. म्हणून आज ती ओवी वाचताना 'लोकगीत' एवढंच कळत नाही, तर गाणाऱ्या बाईचं नाव आणि गावही कळतं. हजारो बायकांची नावं अशी कागदावर राहिली.

नावाचा हा प्रश्न सरकारी कागदावरही आहे. शेतात बाई राबते, पण सातबाऱ्यावर तिचं नाव नसेल तर पीककर्ज आणि नुकसानभरपाई मागताना ती शेतकरी ठरत नाही. आईच्या नावाचं एक पाऊल मात्र अलीकडे पडलं आहे. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव सरकारी कागदपत्रांत लिहिताना आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असं लिहायचं महाराष्ट्र सरकारने ठरवलं आहे. कुणाच्या घरी लहान बाळ असेल तर जन्मदाखला काढताना हे जरूर बघा.

आम्हाला तुमच्याकडून एक छोटी गोष्ट हवी आहे. गटाच्या बैठकीत कुणी जुनी गोष्ट सांगितली, गाणं म्हटलं, औषध सांगितलं, आणि ते वहीत लिहून ठेवलं, तर खाली दोन नावं लिहा. सांगणारी कोण आणि लिहून घेणारी कोण. गाव आणि तारीखही टाका. दोघी नात्यातल्या असल्या, मायलेकी असल्या, सासू-सुना असल्या, तरी दोन्ही नावं वेगवेगळी लिहा. आमच्याकडे पाठवायचं असेल तर तसंच पाठवा. आम्हीही दोन्ही नावं छापू.